धर्मादाय कोणाच्या खात्यावर?



या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकांनी जरा संकोचतच विचारलं होतं, ‘‘ज्यू व्यापाऱ्यांवर बोलायचंय, ठीक आहे, पण गोंदियात का?’’ शंका रास्त आहे. हे तांदळाच्या गिरण्यांचं गाव. तेंदूपत्ता, विडी, लाख, किराणा यांची उलाढाल इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. बाजारात गुजराती आहेत, मारवाडी आहेत, सिंधी आहेत. बांधावरून येणारा शेतकरी पोवार आहे, कोहळी आहे, कुणबी आहे, गोंड आहे. ज्यू म्हटलं की आपल्याला एकदम बायबल आठवतं, नाहीतर वर्तमानपत्रातलं युद्ध. पण मी ज्या लोकांबद्दल बोलणार आहे त्यातले बरेचसे घरी मराठी बोलत होते, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या घराण्याचं नाव तुम्ही पुण्याला पेशंट घेऊन गेला असाल तर शंभर वेळा उच्चारलेलं आहे.

सुरुवात तेलापासून करतो. किराण्यात तेल पहिलं.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या पट्ट्यात बेने इस्राएल समाज राहायचा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची ही संतती, असं परंपरा सांगते. इतिहासकार तारखेवर अजून भांडतात. आपल्याला त्यात पडायचं नाही. आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर. एकाही नावावरून धर्म ओळखता येणार नाही. धंदा तेलाच्या घाण्याचा. तीळ, खोबरं घाण्यात घालायचं, बैल फिरवायचा, तेल विकायचं, पेंड विकायची. यात वेगळं एवढंच, की शुक्रवारी दिवेलागणीला बैल सुटायचा तो शनिवारी संध्याकाळपर्यंत जुंपला जायचा नाही. शब्बाथ. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. त्यांच्या शेजारी हिंदू तेली होते, त्यांचा बैल महादेवाच्या वारी, सोमवारी विसावा घ्यायचा. ते ‘सोमवार तेली’. दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं. गावाने दोन सुट्ट्या नोंदवून घेतल्या आणि तेल कुठल्या दिवशी कोणाकडून आणायचं ते ठरवून टाकलं.

हे ऐकायला गोड वाटतं, पण दुकानदाराच्या नजरेने बघा. आठवड्याचा बाजार शनिवारी भरत असेल तर? सण शनिवारी आला तर? गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही, हे या सभागृहातल्या व्यापारी मंडळींना मी सांगायला नको. म्हणजे दर आठवड्याला हे तेली आपल्या गल्ल्यातला सातवा हिस्सा सोडून देत होते. कोणाला दान म्हणून देत नव्हते. फक्त कमवत नव्हते. व्यापाराला धर्माने घातलेली ही पहिली मर्यादा. पुढे जे मोठे दानशूर येतात त्यांच्याकडे जाताना ही लहान दुकानं लक्षात ठेवावीत असं मला वाटतं.

या लोकांच्या सणाची यादी एखाद्या वाण्याने काढली तर त्यात परकं काही सापडणार नाही. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने ‘मलिदा’ होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुका मेवा, आणि वर फळं. लग्न ठरलं, नवस फेडला, नवं घर घेतलं की मलिदा. शब्बाथच्या प्रार्थनेला द्राक्षाची वारुणी लागते. ती कोकणात कुठून आणणार? मग काळ्या मनुका भिजवून, पिळून त्यांचं सरबत. नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधात. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा नियम आणि कोकणात नारळ मुबलक, त्यामुळे गाईच्या दुधाची जागा नारळाने घेतली. पुढे एकोणिसाव्या शतकात याच समाजाने जुन्या करारातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली आणि उभं राहून, टाळ वाजवून केली. हे सगळं सांगण्याचं कारण असं, की ‘ज्यू व्यापारी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारं जे परकं चित्र आहे ते आधी पुसायला हवं. आज इस्राएलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत हीच मंडळी राहतात. तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानांतून पोहे, मसाले, पापड विकले जातात, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे.

आता मोठ्या पेढीकडे.

डेव्हिड ससून १७९२ साली बगदादमध्ये जन्मले. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. सत्ता बदलली, छळ सुरू झाला, तेव्हा कुटुंब आधी इराणच्या आखातावरच्या बुशहरला पळालं आणि १८३२ मध्ये मुंबईत आलं. म्हणजे हा माणूस चाळिशीत निर्वासित म्हणून इथे उतरला. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होत्या, हिंदुस्थानी शिकले. इंग्रजी शेवटपर्यंत आली नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं तेव्हा सही हिब्रूत केली. आठ मुलगे. त्यांना एकेका बंदरावर पाठवलं: शांघाय, हाँगकाँग, पुढे लंडन. पेढीचा पत्रव्यवहार हिब्रू लिपीतल्या बगदादी अरबीत चालायचा, त्यामुळे पत्र दुसऱ्याच्या हाती पडलं तरी वाचता येत नसे. मारवाड्यांची मोडी किंवा महाजनी आठवा. शनिवारी ही मोठी पेढीही बंद.

माल काय? कापड, कापूस, नीळ, मसाले, खजूर. आणि अफू. अफूबद्दल मी थोडं थांबून बोलणार आहे, कारण ससून घराण्यावर मराठीत जे गौरवाने लिहिलं जातं त्यात हा शब्द एका ओळीत उरकलेला असतो. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. कंपनी सरकारचा आणि पुढे राणीच्या सरकारचा यातून खजिना भरायचा. पारशी होते, गुजराती होते, मारवाडी होते, इंग्रज पेढ्या तर होत्याच, जे. जे. रुग्णालयाच्या नावातले सर जमशेटजीही याच व्यापारात मोठे झाले. ससून नंतर आले, पण त्यांनी माळव्यातल्या शेतकऱ्याला आणि मध्यस्थाला आगाऊ पैसे द्यायला सुरुवात केली, पीक उभं असतानाच बांधून घेतलं, आणि १८७० च्या दशकापर्यंत या व्यापारातली सगळ्यात मोठी पेढी झाली. उभ्या पिकावर आगाऊ रक्कम! ही पद्धत धानाच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

कापसात तर आपणही होतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईचा भाव आकाशाला भिडला. हिंगणघाटचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात त्याच नावाने ओळखला जात होता. त्या तेजीत मुंबईचे कित्येक शेट उठले आणि युद्ध संपताच बुडाले. ससून बुडाले नाहीत. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच वर्षी पुण्यातलं ससून रुग्णालय सुरू झालं आणि पुण्याच्या छावणीतलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग पूर्ण झालं. पुणेकर त्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात. डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले, त्यांची समाधी त्या लाल देवळाच्या आवारात आहे.

आता जिथे यायचं होतं तिथे येतो. ससून पेढीच्या हिशोबात एक रीत होती. प्रत्येक सौद्यावर पाव टक्का धर्मकार्यासाठी बाजूला काढायचा आणि वहीत तसा मांडायचा. नफा झाला की नाही हे नंतर. सौदा झाला की पाव टक्का. ज्यू धर्मात मिळकतीचा दहावा भाग द्यावा अशी जुनी शिकवण आहे, पण ती मिळकतीवर आहे, आणि मिळकत वर्षाअखेरीला कळते. व्यापाऱ्याने ती सौद्यावर आणली आणि तिचं रोजमेळात रूपांतर केलं.

या सभागृहात अडतीचा धंदा केलेली चार माणसं तरी असतील. त्यांनी हे ऐकून मान हलवली असणार. कारण आपल्याकडे हेच आहे आणि त्याला नाव आहे: धर्मादाय. हिंदीत बोलणारे ‘धर्मादा’ म्हणतात. जुन्या पट्टीत अडत, हमाली, तोलाई, दलाली यांच्या खाली आणखी एक लहानशी रक्कम असायची. शेतकऱ्याने धान आणलं, कुडो-पायलीने मोजलं, पट्टी फाडली, त्यात काही पैसे धर्मादाय म्हणून कापले. गिऱ्हाइकाने माल घेतला, बिलात काही पैसे धर्मादाय म्हणून वाढवले. वर्षभर ती रक्कम साठायची आणि त्यातून गोशाळा, धर्मशाळा, पाणपोई, पाठशाळा, कधी रामलीला. मध्य भारतातली कित्येक गावं या पैशांवर उभी आहेत. स्टेशनजवळच्या धर्मशाळेच्या पाटीवर ज्या शेटजींचं नाव आहे ते बघताना मला नेहमी हा प्रश्न पडतो, की यात शेटजींचे किती आणि पट्टीतले किती?

हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या फटकळ माणसाला पडतो असं नाही. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आयकर खात्याने म्हटलं, व्यापारी गिऱ्हाइकाकडून धर्मादाय गोळा करतो, ती त्याची जमाच आहे, तिच्यावर कर द्या. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सचं प्रकरण १९७० च्या दशकाच्या अखेरीस निकाली निघालं. न्यायालयाने सांगितलं की ही रक्कम व्यापाऱ्याचं उत्पन्नच नाही. देणाऱ्याने ती धर्मकार्यासाठी म्हणून दिली, व्यापाऱ्याकडे ती विश्वासाने ठेवलेली आहे, तो तिचा मालक नाही. व्यापारी मंडळी खूश झाली, कर वाचला. पण निकाल नीट वाचला तर त्यात एक टोचणारी गोष्ट आहे. पैसा तुमचा नाही म्हणून कर नाही. मग पैसा तुमचा नाही तर पाटीवर नाव तुमचं कसं? आयकराच्या वेळी विश्वस्त आणि कोनशिलेच्या वेळी दाते, या दोन्ही जागा एकदम कशा मिळतात?

बाजारात नियमन आणण्याचा देशातला पहिला प्रयत्न आपल्याच वऱ्हाडात झाला. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार, मग १८९७ चा वऱ्हाडचा कापूस आणि धान्य बाजार कायदा. शेतकऱ्याच्या पट्टीतून परस्पर होणारी कपात आवरणं हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. आजच्या बाजार समितीच्या कायद्यानुसार ठरवून दिलेल्या कपातीखेरीज काही कापता येत नाही. तरी धर्मादायाची सवय कायद्याने थोडीच जाते.

ससूनांच्या पाव टक्क्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. पेढीने तो आपल्या वहीत मांडला, गिऱ्हाइकाच्या बिलात लावला नाही, हे खरं. पण सौदा अफूचा असेल तर पाव टक्का शेवटी कोणी दिला? चीनमधल्या कुठल्याशा शहरात, चटईवर आडवं पडून चिलीम ओढणाऱ्याने. पुण्याच्या रुग्णालयातल्या खाटेत त्याचा वाटा आहे. मी हे ससूनांची निंदा म्हणून म्हणत नाही. ज्या काळात सरकारच अफूचा मुख्य व्यापारी होतं त्या काळात एका पेढीला वेगळं काढून फटकारणं सोपं आहे आणि अप्रामाणिकही. पण दात्यांच्या यादीत त्या चिलीमवाल्याचं नाव नाही एवढं नोंदवायला हरकत नाही.

दानातून काय उभं राहिलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे किंवा असायला हवं. पुण्यातलं रुग्णालय, पुण्यातच अनाथ-अपंगांसाठीचं गृह, जे आज ‘निवारा’ वृद्धाश्रम म्हणून लोक ओळखतात, मुंबईत काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय, त्याला डेव्हिड ससूनांनी साठ हजार रुपये दिले आणि इमारत १८७० मध्ये पुरी झाली, बालगुन्हेगारांसाठी सुधारगृह, भायखळ्याचं आणि फोर्टमधलं सिनेगॉग, शाळा. थोरले चिरंजीव अब्दुल्ला, जे नंतर सर अल्बर्ट झाले, त्यांनी १८७५ मध्ये कुलाब्याची ससून गोदी बांधली. गोदी हे दान नव्हे, धंदा होता. पण मजा बघा, ज्यू धर्मात कोळंबी निषिद्ध, आणि आज त्या गोदीत पहाटे सगळ्यात जास्त लिलाव होतो तो कोळंबीचा.

ससून रुग्णालयात १२ जानेवारी १९२४ च्या रात्री गांधीजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ते येरवड्यात कैदी होते. वीज गेली, हातातली बॅटरीही विझली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात कर्नल मॅडॉक यांनी काम पुरं केलं. एवढी मोठी घटना, पण रुग्णालयाचं खरं महत्त्व तिच्यात नाही. ‘‘ससूनला नेलंय’’ हे वाक्य गेली दीडशे वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या गरिबांच्या घरात बोललं जातंय. ज्याला दुसरीकडे जाणं परवडत नाही त्याला ससूनला नेतात. ते म्हणणाऱ्याला नावामागे माणूस होता हेच माहीत नसतं. देणाऱ्याचं नाव इतकं वापरात आलं की ते नाव राहिलंच नाही. कोनशिलेवर नाव कोरणाऱ्यांना याहून मोठं यश मिळत नसेल.

घराण्यातल्या एका बाईचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्लोरा ससून. नवरा सॉलोमन १८९४ मध्ये वारला आणि मुंबईच्या पेढीचा कारभार तिने हातात घेतला, त्या काळात, बाईने. डॉ. हाफकिन यांची लस मुंबईत टोचू लागले तेव्हा लोक सुईला घाबरत होते. तिने आधी स्वतः टोचून घेतलं आणि मग लोकांना पुढे आणलं. पाव टक्क्यातून इमारत होते, पण लोकांच्या मनातली भीती घालवायला स्वतःचा दंडच पुढे करावा लागतो.

आणि आता ती गोष्ट, जी गौरवग्रंथात सहसा येत नाही. १८३६ मध्ये, म्हणजे मुंबईत येऊन चारच वर्षं झालेली असताना, डेव्हिड ससून आणि इतर बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला की ज्यू दफनभूमीत मधोमध भिंत घालून द्यावी. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला बेने इस्राएल. त्या मराठी बोलणाऱ्या, साडी नेसणाऱ्या, काळ्यासावळ्या तेल्यांना बगदादहून आलेले लोक पुरेसे ज्यू मानायला तयार नव्हते. कोकणातल्या या लोकांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला होता, आणि त्यांच्याच धर्माचे पाहुणे येऊन त्यांना मेल्यावरही भिंतीपलीकडे ठेवू बघत होते. ओळखीची वाटते ना ही रीत? आपल्या मातीचा गुण असा की चार वर्षांत निर्वासितालाही लागतो.

बेने इस्राएलांनी मग आपलं आपण केलं. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. पैशाची कायम ओढाताण. ती शाळा पुढे सावरली ती एका बगदादी ज्यूच्याच देणगीने, आणि तिला त्याचं नाव मिळालं: सर एली कदूरी. या कदूरींची सुरुवात १८८० मध्ये ससून पेढीतल्या नोकरीने झाली, चीनमध्ये. त्यांच्या घराण्यात एक गोष्ट सांगतात. ते वेइहाइवेइच्या गोदामावर असताना तिथे प्लेगची साथ आली. वरिष्ठ जागेवर नव्हते. तरुण एलीने पेढीच्या कोठारातलं जंतुनाशकाचं पिंप परवानगी न घेता काढून वापरायला दिलं. वरिष्ठांनी खडसावलं, हा म्हणाला, माणसाचा जीव मोलाचा नाही का, आणि नोकरी सोडून निघून गेला. पुढे हाँगकाँग-शांघायमध्ये स्वतःचं साम्राज्य उभं केलं. ज्या पेढीने सौद्यावर पाव टक्का दान काढला तिलाच कोठारातलं एक पिंप जड गेलं. यात विरोधाभास नाही. पाव टक्का हिशोबात बसतो, पिंप बसत नाही. ठरवून दिलेलं दान आणि समोरचा माणूस बघून दिलेलं दान यांच्यात हा फरक राहणारच, आणि मोठी पेढी पहिल्याच प्रकारचं देऊ शकते.

मुंबईतल्या सर जेकब ससून शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. ज्यू मुलंच उरली नाहीत. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू मोजले गेले, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. शाळा मात्र चालू आहे. दात्याने ज्यांच्यासाठी दिलं ते निघून गेले, आणि ज्यांना गरज होती ते आत आले.

गोंदियाकडे येतो. दान म्हटलं की इथे पहिलं नाव मनोहरभाई पटेलांचं. विडी उद्योगातलं घराणं. स्वतःचं शिक्षण बेताचं, पण १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि भंडारा-गोंदियाच्या खेड्यापाड्यांतली मुलं महाविद्यालयापर्यंत पोचली. या सभागृहातले किती जण त्या संस्थेत शिकले, हात वर करायला सांगत नाही. अर्ध्याहून अधिक वर जातील. मनोहरभाईंबद्दलचा आदर कमी न करता मला त्या यादीत आणखी दोन नावं घालायची आहेत, आणि ती दोन्ही नावं नसलेली आहेत. एक, उन्हाळ्यात पहाटे चारला उठून जंगलात जाणारी तेंदूपानं तोडणारी बाई. दुसरी, घराच्या ओसरीत सूप मांडीवर घेऊन हजाराच्या हिशोबाने विड्या वळणारी बाई. त्यांच्या मुलांनी त्या महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा त्यांच्यावर कोणी उपकार केले असं मी म्हणणार नाही. त्यांचंच काहीतरी फिरून त्यांच्याकडे आलं. चांगल्या दात्याचं मोठेपण यात असतं, की तो ते फिरवतो. मधेच अडवत नाही.

शेवटी किराणा दुकानाकडे. मोठ्या पेढ्या, गोद्या, रुग्णालयं सोडून देऊ. चौकातलं चिल्लर किराणा दुकान. त्याचं दान कुठे असतं?

बाराव्या शतकात मैमोनिडीज नावाचे ज्यू पंडित होऊन गेले, स्पेनमध्ये जन्मलेले, कैरोत वैद्यकी करणारे. त्यांचा आपल्याशी एक दुःखद धागा आहे: त्यांचा धाकटा भाऊ डेव्हिड जवाहिरांचा व्यापार करायचा, भारताकडे येताना हिंदी महासागरात बुडून मेला, आणि घराचा आधार गेल्यावर या पंडिताने पोटासाठी वैद्यकी धरली. त्यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या आहेत. खालून वर चढत जायचं. कुरकुरत देणं सगळ्यात खाली. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही, हे बरंच वर, दुसऱ्या क्रमांकावर. मग पहिल्या क्रमांकावर काय? तिथे फुकट अन्नछत्र नाही, मंदिर नाही, रुग्णालयही नाही. तिथे आहे कर्ज देणं, धंद्यात भागीदार करून घेणं, काम मिळवून देणं; म्हणजे पडू लागलेल्या माणसाला पडण्याआधी धरणं. भांडवल नसलेल्या व्यापाऱ्याच्या भावाने हे लिहिलं असतं तर आश्चर्य नव्हतं. पण ज्याचा भाऊ भांडवलासकट बुडाला त्याने लिहिलं.

उधारी! धान हातात येईपर्यंत, जून ते नोव्हेंबर, या जिल्ह्यातली किती घरं दुकानदाराच्या वहीवर जगली? तेल, मीठ, मिरची, गूळ, चहापत्ती, साबण. ‘‘धान निघाल्यावर देतो, शेटजी.’’ आता तुम्ही म्हणाल, यात कसलं पुण्य, उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, आणि धान निघाल्यावर शेटजी त्याच भावात धानही उचलतात. खरं आहे. उधारीत शोषण आहेच. ज्याने गहाण ठेवलेली बांगडी परत न मिळाल्याचं घरात ऐकलं आहे त्याला मैमोनिडीज सांगू नये. पण त्याच वहीत अशीही पानं असतात, जिथे बाकी आहे आणि पुढे काहीच नाही. वसुली नाही, तगादा नाही, व्याज नाही. पान नुसतं पुढच्या वर्षीच्या वहीत ओढलंच गेलं नाही. माणूस मेला असेल, पीक गेलं असेल, मुलीचं लग्न असेल. दुकानदाराने काही जाहीर केलं नाही. ते दान मानायचं की बुडीत खातं, हे दुकानदारालाही विचारलं तर सांगता येणार नाही.

मराठी माणसाला हे परकं नाही. देहूचे तुकोबा वाणी होते, घरात दुकान आणि सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात गुरंढोरं गेली, बायको गेली, दुकान बसलं. मग त्यांनी लोकांची कर्जखतं काढली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, वाटा त्याला दिला, आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. तिकडे ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी ऋण माफ करावं अशी आज्ञा आहे. तिच्यातूनही वाट काढली गेली, हे वेगळं सांगायला नको. आणि त्याच तुकोबांचे अभंग उतरून घेणारे संताजी जगनाडे जातीने तेली होते. तेली आणि वाणी, घाणा आणि दुकान, दोघांच्याही हातात वही. त्यातली एक वही माणसांकडून येणं लिहायची होती, ती पाण्यात गेली, दुसरी टिकली.

ससूनांच्या वह्या टिकल्या. त्या घराण्याचा पसारा गेल्या शतकात ओसरला, पेढ्या बंद झाल्या, पण कागदपत्रांचे गठ्ठे आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. जोसेफ ससून या इतिहासकाराने ती बगदादी अरबी वाचून काढली आणि २०२२ मध्ये पुस्तक लिहिलं; अफूचे सौदे, भावाभावांची भांडणं आणि धर्मकार्याचा पाव टक्का, सगळं त्यात आलं. आपल्याला आज ससूनांवर बरं-वाईट बोलता येतं ते वह्या राहिल्या म्हणून.

गोंदियाच्या, तिरोड्याच्या, आमगावच्या, देवरीच्या बाजारातल्या वह्या कुठे आहेत? लाल कापडाच्या पुठ्ठ्याच्या, दोरीने बांधलेल्या, पाडव्याला पूजा केलेल्या चोपड्या माळ्यावर आहेत, आणि दुकान पाडून कॉम्प्लेक्स बांधताना त्या रद्दीत जातात. माझी इथल्या जुन्या व्यापारी घरांना विनंती आहे. त्या फेकू नका. खाजगी वाटत असेल तर पन्नास वर्षांपूर्वीच्याच द्या, नावं झाकून द्या, पण इथल्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात आणून द्या. विद्यार्थ्यांना आधी धर्मादाय खात्याचं पान काढायला सांगा: वर्षाला किती जमा, कोणाच्या पट्टीतून, खर्च कशावर. मग उधारीची ती पानं काढायला सांगा, जी पुढे ओढली नाहीत. मोडी किंवा महाजनी वाचणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना बोलवावं लागेल, आणि ते काम पुढच्या पावसाळ्याआधी सुरू करावं लागेल, कारण माळ्यावर वाळवी असते.